डबल बेल

साकोली, जि. भंडारा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. अनुप,

आशीर्वाद आणि जयभीम.

तू पाठवलेला दिवाळी अंक मिळाला. पाकिटावर पिनकोडचा शेवटचा आकडा चुकला होता, तरी पोचला. आमच्या टपाल खात्याला नावं ठेवणाऱ्यांनी याची दखल घ्यावी. सोबतची छापील चिठ्ठीही मिळाली. तुला जुनी सीडी हवी आहे. त्यावर नंतर बोलते.

आधी तुझा लेख. दोनदा वाचला. पहिल्यांदा कौतुकानं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. अकरावी-बारावीला तू आमच्याकडे शिकायला होतास, तेव्हा जो गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचास, त्याच्यावर इतकं लिहिता येईल असं मला वाटलं नव्हतं. भंडाऱ्याच्या दुकानदारानं सीडीवर मार्करनं ‘कार रेस २’ लिहून दिलं होतं आणि खेळाचं खरं नाव तुला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, हे छान सांगितलंस. बर्फाचा घाट, बंदरातला बोगदा, तुटका पूल, सगळं डोळ्यांसमोर आलं. तू मागे पडलास की पुढच्या गाड्या मुद्दाम हळू होतात, ही तुला त्या खेळाची लबाडी वाटायची, तेही वाचलं.

आणि मग शेवटून दुसरा परिच्छेद. जसाच्या तसा उतरवते, म्हणजे काय छापलंस ते तुलाही पुन्हा दिसेल:

‘माझ्या आत्याचे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. वेगाचा त्यांना तिटकारा होता. अर्धांगवायू झाल्यावर ते खुर्चीत बसून मला खेळताना बघत. एके दिवशी मी शर्यत जिंकण्याच्या बेतात असताना त्यांनी डाव्या हातानं कीबोर्ड टेबलावरून भिरकावला. त्या दिवशी मला कळलं, थांबलेला माणूस दुसऱ्याला धावू देत नाही.’

हे वाक्य तू स्वतः लिहिलंस, की कुणाकडून लिहवून घेतलंस?

तुझे मामाजी, ज्यांना तू ‘आत्याचे यजमान’ म्हणून छापलंस, ते जाऊन पंधरा वर्षं झाली. ते उत्तर द्यायला येणार नाहीत, म्हणून मी देते. तो कॉम्प्युटर नागपूरहून कोणी आणला? त्यांनी. गाडी प्रवाशांनी भरलेली, तर स्वतःची वाकळ घडी करून बॉनेटवर टाकली, त्यावर तो डबा ठेवला आणि साकोलीपर्यंत एका हातानं धरून आणला. ‘पोट्टा शिकून राहिला, त्याले लागते,’ म्हणाले. पोट्टा काय शिकून राहिला होता ते त्यांना पहिल्याच संध्याकाळी दिसलं. तरी बंद कर म्हणाले का? मागे उभे राहून विचारत होते, ‘ह्याले लायसन कोनं देलं? हॉर्न कुठं हाये? मांगच्याले साइड काहून देऊन नाही राहिला?’ तू हसून लोळायचास. तो माणूस तुझ्या लेखात कुठे गेला?

पुढच्या अंकात खुलासा छापून आण. साध्या मराठीत, तुझ्या नावानं. तोवर सीडी मिळणार नाही.

तृप्तीला आशीर्वाद.

तुझी आत्या,
सरिता गणवीर


पुणे
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय आत्या,

सादर जयभीम.

तू चिडशील हे माहीत होतं. तरी अंक पाठवला, कारण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

कॉम्प्युटर, वाकळ, लायसनचा विनोद, सगळं खरं आहे. ते लेखात यायला हवं होतं, हेही मान्य. पण मामाजी आजारी पडण्याआधीचे वेगळे होते आणि नंतरचे वेगळे. मी नंतरच्यांबद्दल लिहिलं.

तू त्या दिवशी स्वयंपाकघरात होतीस. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. शेवटचा फेरा होता, पुढे कोणी नव्हतं. त्यांचा हात आला आणि कीबोर्ड जमिनीवर पडून त्याची बटणं खाटेखाली गेली. मी त्यांच्याकडे पाहिलं. आत्या, मला ते डोळे अजून आठवतात. लाल झालेले, पाण्यानं भरलेले. मी सतरा वर्षांचा होतो, पण राग कशाला म्हणतात ते मला कळत होतं. पाय चालणाऱ्या, हात चालणाऱ्या माणसावरचा राग होता तो. त्यांचं स्टिअरिंग गेलं होतं आणि मी त्यांच्यासमोर बसून चालवत होतो.

मी त्यांना दोष देत नाही. तू लेख नीट वाच. मी फक्त म्हटलं, असं होतं. माणूस थांबला की असं होतं. ते कितीही चांगले असले तरी होतं. एवढ्या चांगल्या माणसाचं झालं, तर इतर कुणाचंही होऊ शकतं.

म्हणून खुलासा देता येणार नाही. जे पाहिलं ते लिहिलं.

सीडीचं तू ठरव. मला ती का हवी आहे ते सांगता येत नाही. खेळता येणार नाही हे माहीत आहे, तरी हवी आहे.

तृप्ती बरी आहे. माझंही बरं चाललंय. कामावरून थोडी सुट्टी घेतली आहे.

तुझा,
अनुप


साकोली
६ डिसेंबर २०२४

चि. अनुप,

पुन्हा छापील पत्र! आत्याला चार ओळी हातानं लिहायच्या तर हात मोडलाय का तुझा? पाकिटावरचा पत्तासुद्धा बायकोकडून लिहून घेतलास. मी काय विमा कंपनी आहे?

आज विहारात मोठी गर्दी होती, सहा डिसेंबर. मी सकाळी वंदना करून आले आणि तुझं पत्र घेऊन बसले आहे. आजच्या दिवशी खोटं लिहिणार नाही, एवढं लक्षात ठेवून वाच.

पहिली गोष्ट. मी स्वयंपाकघरात नव्हते. तुम्हाला चहा घेऊन दारात उभी होते. कपबशा हातात होत्या, म्हणून मला धावता आलं नाही.

दुसरी गोष्ट, डोळे. अर्धांगवायूनंतर मामाजींचा उजवा डोळा पूर्ण मिटत नव्हता. झोपेतसुद्धा अर्धा उघडा. तो दिवसभर लाल असायचा आणि त्यातून पाणी यायचं. मी दर थोड्या वेळानं त्यात थेंब घालायची. तू तेव्हा कॉलेजात असायचास, नाहीतर त्या खेळात असायचास. ज्याला तू राग समजलास तो डोळा शेवटपर्यंत तसाच होता. जिलेबी खातानाही तसाच.

तिसरी. पडद्यावर काय चाललं होतं ते तुला आठवतं का? तू लिहिलंस, शेवटचा फेरा, पुढे कोणी नाही. पुढे काय होतं ते लिहिलं नाहीस. पुढे तुटका पूल होता. तू भरधाव त्याच्यावर चालला होतास. तुला माहीत होतं की तिथून गाडी उडी मारते आणि पलीकडे पडते. ते मामाजींना माहीत नव्हतं. बरीचशी नोकरी त्यांनी नवेगाव-नागझिऱ्याच्या रस्त्यांवर काढली. पावसाळ्यात पुलावरून पाणी असलं तर गाडी उभी करायची आणि प्रवाशांच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्यासाठी समोर पूल तुटलेला होता आणि घरचं पोरगं गाडीत होतं.

त्यांनी हात पुढे केला. त्या हातात जोर होता, पण नेम नव्हता. शरीराचा तोल उजवीकडे जायचा, तसा हात टेबलावरून घसरत गेला आणि कीबोर्ड घेऊन गेला.

त्यानंतर आठवडाभर ते ‘बे... बे...’ करत होते. मला वाटलं, काही हवं आहे. पाणी दिलं, भांडं दिलं, उशी दिली. शेवटी त्यांनी माझा तळवा धरला आणि पलंगाच्या कडेवर दाबला. दाबूनच ठेवला. ब्रेक, अनुप. ते ब्रेक म्हणत होते.

तू तोवर बोलणं टाकलं होतंस. मग परीक्षा झाली, तू गेलास. नंतर आलास तेव्हा उंबऱ्यातूनच ‘कसे आहात मामाजी’ विचारून परत जायचास. वाचा गेलेल्या माणसानं कोणत्या शब्दांत सांगायचं होतं तुला?

आता खुलासा कधी देतोस ते कळव.

सरिता आत्या

ता.क. — पत्र पाकिटात घालायच्या आधी तुझं पत्र पुन्हा काढलं. खाली तुझी सही आहे. जन्मभर मी मनिऑर्डरींवरच्या सह्या पाहिल्या. तुझी सही पुढे पळायची, ‘प’ची शेपटी लांब जायची. ही मागे झुकली आहे, आणि प्रत्येक अक्षर वेगळं काढलं आहे. अशी सही मी एकाच माणसाची पाहिली आहे, पेन्शनच्या कागदावर, आणि कागद मी धरला होता. अनुप, वर मी हाताबद्दल जे लिहिलं ते खोडत नाही, कारण मी पत्रात खाडाखोड करत नाही. पण मला खरं सांग.


पुणे
११ जानेवारी २०२५

पूज्य आत्या,

सादर जयभीम. मी तृप्ती.

तुमच्या पत्राला महिना झाला. अनुप उत्तर देत नाही, म्हणून मी लिहिते आहे. त्याला सांगितलेलं नाही.

जूनमध्ये अनुपची मोटारसायकल घसरली. पाऊस होता. दुसऱ्या कुणाची चूक नव्हती. बाकी सगळं भरून आलं, पण खांद्यापासून उजव्या हाताच्या नसा तुटल्या. ऑपरेशन झालं. हात जागेवर आहे, पण लोंबतो. बोटं हलत नाहीत, गरम-थंड कळत नाही. डॉक्टर म्हणतात, आता फार आशा धरू नका. गावाकडे आईबाबांना फक्त ‘हाड मोडलं, प्लास्टर आहे’ असं सांगितलंय. तुम्हाला तर काहीच सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली होती. म्हणाला, ‘आत्यानं एकदा हे सगळं केलं आहे, तिला पुन्हा दाखवायचं नाही.’

तो लेख त्यानं फोनमध्ये बोलून लिहिला. तुम्हाला पाठवलेलं पत्रही तसंच.

मी स्कूटर शिकायला लागले, कारण घरात कुणालातरी चालवता यायला हवी. पहिल्या दिवशी मी किल्ली घेऊन निघाले तर त्यानं ती माझ्या हातातून ओढली आणि गॅलरीतून खाली फेकली. खाली जाऊन मी शोधून आणली. वर आले तर तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, ‘मी मामाजी झालो.’ त्यानंतर दोन दिवसांनी त्यानं तो लेख सांगायला घेतला.

तुम्ही ‘हात मोडलाय का’ विचारलंत ते त्यानं मोठ्यानं वाचलं आणि हसला. आत्या, कितीतरी महिन्यांनी हसला. मग पुढचं वाचलं. पुलाचं, ब्रेकचं. मग ता.क. पत्र ठेवून आत गेला. रात्री मला म्हणाला, ‘आत्या नवऱ्याची बाजू घेणारच. बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल.’

मीही तुमच्याच भंडारा जिल्ह्यातली, वरठीची आहे. आमच्याकडे मनातलं पोटात ठेवत नाहीत, म्हणून विचारते. मामाजी नंतर कसे होते? म्हणजे शेवटपर्यंत? ते तसेच रागात गेले का? चांगलं असेल तरच सांगा असं नाही. जे असेल ते सांगा. पण लवकर सांगा.

आपली,
तृप्ती


साकोली
१८ जानेवारी २०२५

चि. अनुप,

तृप्तीला रागावू नकोस. शपथ मोडली म्हणून तिला काही होत नाही, आणि मला सही पाहूनच कळलं होतं.

मी रडले की नाही ते विचारू नकोस. मी तुला धीरही देणार नाही. धीर देणारे लोक आमच्या घरी पुष्कळ यायचे, चहा पिऊन जायचे. मी तुला काय घडलं तेवढं सांगते. आजवर हे कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बाबांनासुद्धा नाही.

तू इंजिनिअरिंगला गेलास आणि कॉम्प्युटर इथेच राहिला. मी त्यावर क्रोशाचं झाकण घातलं. मामाजी दिवसभर त्या झाकणाकडे बघायचे. मला वाटायचं, तुझी आठवण येते. एकदा मी ते काढलं तर त्यांनी डावा हात पुढे केला. मी नवा कीबोर्ड आणला. सीडी घातली. एका हातानं त्यांना जमेना. वळवायला जावं तर वेग सुटायचा, वेग धरावा तर गाडी कठड्यावर. तीन-चार वेळा आपटल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि बटणांवर ठेवला.

मला कॉन्व्हेंटचं इंग्रजी येत होतं, त्याचा तेवढाच उपयोग. मी त्या खेळाच्या सूचना वाचल्या आणि बटणं वाटून घेतली. ते उजवीकडे बसायचे, बाणांवर त्यांचा डावा हात. वळवायचं काम त्यांचं. मी त्यांच्या डावीकडे. वेग आणि ब्रेक माझ्याकडे. एक गाडी, दोघं.

पण मला कसं कळणार, कधी थांबायचं, कधी सोडायचं? त्यांना बोलता येत नव्हतं. मग त्यांनी कोपर वापरलं. माझ्या दंडाला एकदा कोपर, म्हणजे थांब. दोनदा, म्हणजे चल. जन्मभर ज्यानं कंडक्टरची घंटी ऐकून गाडी हाकली, तो आता घंटी देत होता आणि मी ऐकत होते. कॉन्व्हेंटमध्ये जेवताना टेबलावर कोपर दिसलं की सिस्टर फिलोमिना पट्टी मारायच्या. त्या असत्या तर आम्हा दोघांना वर्गाबाहेर काढलं असतं.

भारनियमन संपून वीज आली की आम्ही बसायचो. ते जाईपर्यंत, जवळजवळ तीन वर्षं. कोणी आलं की मी पटकन झाकण घालायची. पोस्टमास्तरीणबाई आणि त्यांचा अधू नवरा पोरांचा खेळ खेळतात, हे साकोलीला कळू द्यायचं नव्हतं. आणि खेळताना त्यांच्या तोंडातून लाळ यायची, ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं. तू आलास तेव्हाही झाकण घातलेलंच होतं. तुला कसं कळणार?

आम्ही नेहमी सहावे यायचो. सहाच गाड्या होत्या. तू लिहिलंस, मागे पडलं की पुढच्या गाड्या हळू होतात, ही लबाडी. मामाजींना ते फार आवडायचं. लांबवर त्या गाड्या दिसायला लागल्या की म्हणायचे, ‘थां... थांबले.’ आजारानंतर त्यांना जे दोन-तीन शब्द आले, त्यांतला हा एक. आपल्यासाठी थांबले, असं त्यांना वाटायचं. मी कधी सांगितलं नाही की तो यंत्राचा हिशेब आहे. कशाला सांगू?

आता तू म्हणशील, आत्या गोष्ट रचते. तू तो खेळ माझ्यापेक्षा चांगला खेळला आहेस. तुझ्या लेखात प्रत्येक रस्ता आहे, प्रत्येक वळण आहे. बर्फाच्या घाटातलं रेल्वेचं फाटकही आहे. तू लिहिलंस, ‘ते फाटक नुसतं शोभेचं, कायम उघडं असतं.’

ते कायम उघडं नसतं, अनुप. तू वेगात जायचास, म्हणून तुला उघडं मिळायचं. सगळ्या गाड्या निघून गेल्यावर, फार मागे राहिलेली गाडी तिथे पोचली की फाटक पडतं. पहिल्यांदा मी जाऊन त्याला धडकले. दुसऱ्यांदा मामाजींनी आधीच कोपर मारलं, एकदा. मी थांबवली. मग डोंगराच्या मागून रेल्वे येते. डबे पिवळे आहेत आणि खिडक्यांत दिवे आहेत. शेवटच्या डब्यामागे लाल दिवा. रेल्वे गेल्यावर बर्फ जरा उडतो आणि फाटक वर जातं.

त्यानंतर आम्ही शर्यतीचं नाव सोडलं. घाटाचा तो रस्ता लावायचा, सगळ्यांना पुढे जाऊ द्यायचं, फाटकाशी थांबायचं आणि रेल्वे बघायची. लाल दिवा दिसेनासा झाला की माझ्या दंडाला दोनदा कोपर लागायचं. त्यांचा चेहरा एकाच बाजूनं हसायचा, पण हसायचा.

ते राग घेऊन गेले नाहीत. राग होता. ताट मीही उचललं आहे जमिनीवरून, तृप्तीनं किल्ली उचलली तसं. पण तो राहिला नाही.

सीडी सोबत पाठवते. खुलासा आलेला नाही, तरी पाठवते. जा आणि मागे राहून बघ. मग मला सांग, मी खोटं लिहिते का.

सरिता आत्या


पुणे
४ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तृप्तीनं लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. सीडीवर ओरखडे आहेत, पण चालली. मला एकट्याला चालवता येईना. दोनदा आपटलो आणि उठून गेलो. मग तिनं एकटीनं घाटाचा रस्ता लावला आणि मुंगीच्या गतीनं नेली. मी मागे उभा होतो.

फाटक पडलेलं होतं.

रेल्वे आली. डबे पिवळे. मागे लाल दिवा.

मी त्या रस्त्यावरून किती वेळा गेलो असेन, आत्या. एकदाही थांबलो नाही.

मी बसू का तिच्याजवळ, ते मला कळत नाही. तू कशी बसलीस?

अनुप


साकोली
१० फेब्रुवारी २०२५

चि. अनुप,

हे पत्रानं शिकवता येत नाही. येत्या रविवारी वरठीहून गाडी पकडते, सोमवारी पुण्याला उतरेन. स्टेशनवर तृप्तीला पाठवू नकोस. तू ये. हात झोळीत घालून ये, लपवू नकोस. माझी बॅग तुझ्या डाव्या हाताला पेलेल एवढीच आणते. कीबोर्डही आणते. त्याची बाणांची बटणं झिजली आहेत, पण नव्यापेक्षा बरी.

आत्या


पुणे
२० एप्रिल २०२५

आदरणीय आत्या,

सादर जयभीम. हे पत्र हातानं लिहितो आहे. अक्षराला नावं ठेव, पण पत्र परत पाठवू नकोस. रोज थोडं थोडं लिहिलं. पाकिटावरचा पत्ताही मीच लिहीन. पिनकोड तपासून घेतला आहे.

तू गेल्यावर चार दिवस तुझी खुर्ची तशीच ठेवली होती. पाचव्या दिवशी तृप्ती तिच्यावर बसली. म्हणाली, ‘आत्यांइतकं मले नाही जमत, पण बघतो.’ तिचं ‘बघतो’ ऐकून मला साकोलीला आल्यासारखं वाटलं. तिला ब्रेक आवडत नाही. वळणावरसुद्धा वेग सोडत नाही. तुझ्यापेक्षा वाईट आहे, आणि तू किती वाईट होतीस ते मी फेब्रुवारीत पाहिलं.

स्कूटर ती चालवते. मी मागे बसतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा सगळ्या रस्त्यात डोळे मिटून होतो. आता उघडे ठेवतो.

बाबांना हाताचं सांगितलं. म्हणाले, ‘काहून सांगितलं नाही रे?’ पुढच्या महिन्यात दोघं येणार आहेत.

संपादकांना खुलासा पाठवला. तू सांगितलंस तसा, साध्या मराठीत:

‘माझ्या लेखात एक चूक झाली आहे. माझे मामाजी, कै. पुंडलिकराव गणवीर, एसटी ड्रायव्हर, साकोली, यांनी कीबोर्ड भिरकावला नव्हता. मी तुटक्या पुलाकडे जात होतो आणि ते ब्रेक दाबायला पुढे झाले होते. थांबलेला माणूस दुसऱ्याला धावू देत नाही, हे माझं वाक्य मी मागे घेतो. तसंच, घाटातलं फाटक शोभेचं आहे, हेही चूक आहे.’

संपादकांनी विचारलं, खेळातल्या फाटकाचा खुलासा कशाला, वाचकांना काय फरक पडतो? मी म्हटलं, छापायचं तर दोन्ही छापा.

काल संध्याकाळी आम्ही घाटाचा रस्ता लावला. सगळ्या गाड्या पुढे गेल्या. फाटकाआधी मी तृप्तीच्या दंडाला एकदा कोपर मारलं आणि काय आश्चर्य, तिनं ऐकलं. रेल्वे आली, गेली. लाल दिवा डोंगरामागे गेला. फाटक वर झालं. मी काही केलं नाही, नुसता बसून राहिलो, कारण मामाजी तिथे बसल्यासारखे वाटत होते.

तृप्ती थोडा वेळ थांबली. मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘काहून हो ड्रायव्हरसाहेब, घंटी देता का नाही?’

मग दिली. दोनदा.

तुझा,
अनुप